जोड सुटतो, ब्रेसलेट आखडते: दोष गाठीत शोधण्याआधी दोरी पाण्यात टाकावी

दोरीच्या विणीची ब्रेसलेट आणि किचेन करणाऱ्या ओळखीच्या मंडळींकडून दर पावसाळ्यात मला दोन तक्रारी हमखास ऐकाव्या लागतात. पहिली अशी, की वितळवून चिकटवलेले टोक किंवा दोन रंगांचा जोड पुनःपुन्हा सुटतो. आणि दुसरी अशी, की देताना मनगटावर नीट बसलेले ब्रेसलेट पंधरा दिवसांत आखडते आणि बकल लावताना कातडी चिमट्यात सापडते. तक्रार सांगणारा माणूस दोष स्वतःच्या हाताला देतो. गाठी सैल पडल्या असतील, लायटर नीट धरला गेला नसेल, माप घेताना चूक झाली असेल, असे त्याला वाटते. मीही दोन पावसाळे हेच समजत होते. प्रत्यक्षात यांतील बहुतेक दोष पहिली गाठ मारण्यापूर्वीच दोरीत शिरलेले असतात, आणि ते ओळखायला बादलीभर पाणी पुरते.

मी ठाण्यात नौपाड्यात राहते आणि हा उद्योग घरच्या घरी, हौस आणि थोडी वरकमाई म्हणून करते. माझ्या भाच्यासाठी मी निळ्या आणि केशरी दोरीचे एक ब्रेसलेट केले होते. तो रोज ठाण्याहून ऐरोलीला लोकलने कॉलेजला जातो, त्यामुळे पावसात भिजणे, गर्दीत ओढले जाणे आणि घामाने ओले राहणे हे सगळे त्या ब्रेसलेटच्या वाट्याला आले. आठ दिवसांत तो दारात उभा. "मावशी, सुटलं गं." निळी आणि केशरी दोरी जिथे वितळवून एकमेकींना जोडली होती, नेमका तो जोड उघडला होता. मी पुन्हा जोडून दिले; ते पुन्हा सुटले. लायटर बदलला, टोके जास्त वेळ वितळवली, मग कमी वेळ वितळवली, शेवटी वरून झटपट चिकटणारा गोंदही लावला. सहाव्या वेळी सुटलेला जोड मी भिंगाखाली धरला, तेव्हा दिसले ते असे, की केशरी टोकावर घट्ट, गुळगुळीत, काचेसारखा मणी होता आणि निळ्या टोकावर त्याच आकाराचा एक स्वच्छ खळगा होता. दोन्ही टोके तुटली नव्हती. ती एकमेकांत मिसळलीच नव्हती. साच्यातून मूर्ती सुटावी तशी एकातून दुसरे अलगद निघाले होते.

दोन्ही दोऱ्या मी ठाण्याच्या बाजारातील एकाच दुकानातून घेतल्या होत्या आणि "ताई, सगळी नायलॉनच आहे" असे मला सांगण्यात आले होते. सांगणाऱ्याच्या मनात काही खोट होती असे मी म्हणणार नाही, कारण आपल्याकडे सुती आणि सुंभाची सोडून उरलेल्या प्रत्येक चकचकीत दोरीला सर्रास नायलॉनच म्हणतात. कपडे वाळत घालायची नायलॉन, खाटेची नायलॉन आणि ब्रेसलेटचीही नायलॉन. प्रत्यक्षात या नावाखाली किमान तीन वेगळी द्रव्ये विकली जातात: खरे नायलॉन, पॉलिएस्टर आणि पॉलिप्रॉपिलीन. तिन्ही वितळतात, तिन्ही रंगीत मिळतात, आणि नव्या गुंडाळीत शेजारी शेजारी ठेवल्या तर अनुभवी माणसालाही केवळ पाहून फरक सांगणे कठीण जाते.

पाण्याची परीक्षा इथे कामी येते. प्रत्येक रंगाच्या दोरीचा बोटभर तुकडा कापावा, बादलीतल्या पाण्यात बुडवून बोटांनी नीट चेपावा, म्हणजे विणीत अडकलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने निघून जाईल, आणि मग सोडून द्यावा. पॉलिप्रॉपिलीनची घनता पाण्यापेक्षा कमी, म्हणजे एका घन सेंटीमीटरला साधारण 0.91 ग्रॅम असल्यामुळे तो तुकडा कितीही चेपला तरी वर येतो. नायलॉनची घनता सुमारे 1.14 आणि पॉलिएस्टरची सुमारे 1.38, त्यामुळे ते दोन्ही तळाला जातात. हवा न चेपता केलेली परीक्षा फसवी ठरते. नायलॉनची कोरडी दोरीही पहिली काही मिनिटे तरंगू शकते. मी माझे दोन तुकडे टाकले, तेव्हा केशरी सरळ तळाशी बसला आणि निळा वर येऊन कडेला जाऊन लागला. दोन पावसाळ्यांचे कोडे त्या क्षणी सुटले.

नायलॉन आणि पॉलिप्रॉपिलीन ही वितळलेल्या अवस्थेतही एकमेकांत मिसळत नाहीत, तेल आणि पाणी मिसळत नाहीत तशीच. ती थंड होताना एकमेकांवर बसतात, क्षणभर चिकटल्यासारखी भासतात, आणि पहिल्या चांगल्या झटक्याला वेगळी होतात. शिवाय त्यांचे वितळणेही वेगवेगळ्या वेळी होते. पॉलिप्रॉपिलीन 165 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. नायलॉनच्या दोन प्रचलित प्रकारांपैकी एकाला सुमारे 220 आणि दुसऱ्याला सुमारे 265 अंश लागतात. पॉलिएस्टर 255 ते 260 च्या घरात वितळते. म्हणजे केशरी टोक वितळेपर्यंत मी निळे टोक उकळवून, जाळून, ठिसूळ करून टाकत होते. त्यावर गोंदाने काही फरक पडला नाही, यात नवल नाही, कारण पॉलिप्रॉपिलीनवर बहुतेक घरगुती गोंद धरतच नाहीत.

बुडणाऱ्या दोन दोऱ्यांपैकी नायलॉन कोणती आणि पॉलिएस्टर कोणती, हे पाणी सांगत नाही. त्यासाठी तुकडा जाळून पाहावा लागतो. स्टीलच्या ताटलीवर, उघड्या खिडकीशी, चिमट्यात धरून हे करावे. पॉलिएस्टर जळताना काळा, काजळीचा धूर सोडते आणि त्याचा मणी गडद होतो. नायलॉनचा धूर फिकट असतो आणि त्याचा मणी बहुधा करड्या किंवा फिक्या तपकिरी रंगाचा राहतो, अर्थात दोरी काळी असेल तर मण्याच्या रंगावर विसंबता येत नाही. पॉलिप्रॉपिलीनला विझलेल्या मेणबत्तीसारखा वास येतो. सुती दोरी वितळतच नाही, कागदासारखी जळून राख होते. एक गोष्ट मात्र जाळून पाहू नये: लहान मुले ज्या चपट्या, चकचकीत प्लास्टिकच्या पट्ट्यांची किचेन विणतात, त्या बहुधा पीव्हीसीच्या असतात, आणि पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडचा दाहक वायू सुटतो. त्या पट्ट्यांची टोके गाठीखाली ओवून कापावीत, लायटर त्यांच्या जवळ नेऊ नये.

एकाच द्रव्याच्या दोन दोऱ्या असूनही जोड सुटत असेल, तर कारण बहुतेक वेळा दोरीच्या आतल्या रचनेत असते. ज्याला बाजारात पॅराकॉर्ड म्हणतात, ती दोरी म्हणजे बाहेर विणलेले नळीसारखे आवरण आणि आत सुटे धागे. मूळची ही पॅराशूटची दोरी. अमेरिकी सैन्याच्या वर्गवारीतील तिसऱ्या प्रकारच्या दोरीला किमान 550 पौंड, म्हणजे साधारण 250 किलो, ताण सहन करावा लागे, म्हणून तिला 550 असे टोपणनाव पडले, आणि त्या दोरीच्या आवरणात सात ते नऊ धागे असतात. आपल्याला शोभेच्या वस्तूंसाठी मिळणाऱ्या दोरीत किती धागे असतील आणि ती किती वजन पेलेल, याची खात्री कोणी देत नाही, म्हणून हातात पॅराकॉर्डचे ब्रेसलेट आहे या भरवशावर येऊरच्या जंगलात किंवा माहुलीच्या कड्यावर कोणी दोरीला लटकू नये. गिर्यारोहणाचे दोर वेगळे असतात आणि ते तपासून विकले जातात.

आवरण आणि आतले धागे हे दोन वेगवेगळे भाग असल्यामुळे बोथट कात्रीने दोरी कापली, की आतले धागे एक-दोन मिलिमीटर मागे सरकतात. त्यानंतर आपण टोक वितळवतो ते फक्त रिकाम्या आवरणाचे. वरून मणी टपोरा दिसतो, पण आतून तो पोकळ टोपीसारखा असतो, आणि ओढ बसली की आतले धागे जागेवर राहतात आणि टोपी निघून येते. सुटलेले टोक उन्हात धरून पाहिले, आणि मण्याच्या आत पांढऱ्या धाग्यांचा कुंचला मोकळा दिसला, तर हाच दोष आहे असे समजावे. उपाय सोपा आहे: डाव्या हाताच्या चिमटीत दोरी धरून उजव्या हाताने आवरण टोकाकडून मागे सारावे, म्हणजे आतले धागे बाहेर डोकावतात, मग धारदार कात्रीने धागे आणि आवरण एका पातळीत कापावे आणि लगेच वितळवावे. कात्री फक्त दोरीसाठी वेगळी ठेवावी. घरातल्या ज्या कात्रीने दुधाच्या पिशव्या कापल्या जातात, तिने हे काम होत नाही, हे मी बऱ्याच दोऱ्या वाया घालवल्यावर मान्य केले आहे.

वितळवण्याची पद्धतही इथेच सांगते. लायटरच्या ज्योतीचा वरचा पिवळा भाग टोकाला लागला, की काजळी धरते आणि फिक्या रंगाची दोरी काळवंडते. निरांजनावर किंवा मेणबत्तीवर टोक वितळवणाऱ्यांच्या दोऱ्या याच कारणाने काळ्या होतात. ज्योतीच्या तळाचा निळा भाग टोकाच्या बाजूला आणावा, टोक पेटू न देता फक्त वितळू द्यावे, आणि ते पारदर्शक झाले की स्टीलच्या चमच्याच्या मागच्या बाजूने दाबावे. चमचा पाण्यात बुडवून झटकून घेतलेला असला, तर तो चिकटत नाही. अंगठ्याने दाबण्याचा मोह आवरावा: वितळलेले नायलॉन त्वचेला चिकटून राहते आणि ओढून काढताना कातडी घेऊन येते. माझ्या उजव्या अंगठ्यावर या धड्याची खूण अजून आहे.

तरीही, माझे स्पष्ट मत असे आहे, की वितळवलेल्या टोकावर कोणताही भार सोपवू नये. टोक वितळवणे हे दोरी उसवू नये यासाठी आहे, वीण धरून ठेवण्यासाठी नाही. शेवटची गाठ घट्ट केल्यावर उरलेली दोन्ही टोके ब्रेसलेटच्या मागच्या बाजूने, शेवटच्या तीन ते चार वेढ्यांखालून ओवून घ्यावीत, ओढून घट्ट करावीत, आणि मग जेमतेम तीन मिलिमीटर ठेवून कापून वितळवावीत. ओवायला महागडे साधन लागत नाही. गोणपाट शिवायचे दाभण पुरते. दाभणाच्या नेढ्यात दोरी मावत नसेल, तर टोकाचे आवरण दोन सेंटीमीटर रिकामे करून चपटे करून घ्यावे. वेढे इतके घट्ट असतील की दाभणही शिरत नसेल, तर शेवटच्या चार गाठी मारतानाच त्यांखाली एक जाड विणकामाची सुई धरून ठेवावी आणि मागाहून ती काढून त्या जागेतून टोक न्यावे. या पद्धतीने पक्के केलेले टोक, वितळवलेला मणी उडून गेला तरी, सहसा सुटत नाही.

दोन रंगांचा जोडही मी आता टोकाला टोक लावून वितळवत नाही. एका दोरीचे आतले धागे अडीच सेंटीमीटर ओढून कापून टाकते, म्हणजे तिचे आवरण पोकळ नळी होते. दुसरीचे टोक वितळवून बोटांना चटका बसणार नाही इतके थांबून निमुळते करते, ते त्या नळीत सरकवते आणि साध्या सुईने, नायलॉनच्या धाग्याने आरपार सहा-सात टाके घालते. हा जोड बकलच्या पट्टीत, पहिल्या गाठीखाली झाकला जातो. यात दोन्ही दोऱ्यांचे द्रव्य वेगळे असले तरी चालते, कारण धरून ठेवण्याचे काम टाके करतात. भाच्याचे ब्रेसलेट असेच दुरुस्त केले; तरीही ती निळी दोरी मी पुढे वापरणे थांबवले, कारण पॉलिप्रॉपिलीन उन्हात लवकर कुजते. उरलेल्या निळ्या दोरीवर मी गॅलरीत फडकी वाळत घालत असे. उन्हाळा संपेपर्यंत ती खरखरीत झाली आणि बोटाने घासली की निळी पूड पडू लागली.

आता आखडण्याविषयी. इथे नेमके उलटे आहे: दोष पॉलिप्रॉपिलीनचा नसतो, चांगल्या नायलॉनचा असतो. नायलॉन ओलावा घेते. मध्यम दमट हवेत त्याच्या वजनाच्या सुमारे चार टक्के पाणी त्यात असते, तर पॉलिएस्टरमध्ये अर्धा टक्काही नसते. त्यातच कारखान्यात तंतू ताणून काढलेले असतात आणि दोरी ताणूनच विणली जाते. नवी दोरी पहिल्यांदा भिजली, की तो कोंडलेला ताण सैल होतो, धागे किंचित फुगतात, वीण आवळते आणि लांबी कमी होते. गरम पाण्यात हे अधिक ठळकपणे घडते. माझ्याकडच्या एका दोरीचा 200 सेंटीमीटरचा तुकडा मी कढत पाण्यात अर्धा तास भिजवून सावलीत वाळवला, तेव्हा तो 190 च्या आसपास भरला. प्रत्येक दोरीचा आकडा वेगळा येतो, म्हणून माझा आकडा धरून चालू नये. आपल्या गुंडाळीतला तुकडा मोजून पाहावा. पण 19 सेंटीमीटरचा गाभा, म्हणजे ज्या मधल्या दोऱ्यांभोवती वीण घालतात तो भाग, पाच टक्के आखडला, तर जवळपास एक सेंटीमीटर जातो, आणि मनगटावर एक सेंटीमीटर म्हणजे आरामशीर आणि असह्य यांतले सगळे अंतर.

म्हणून माझ्या घरी नवी दोरी आली, की ती कापण्यापूर्वी भिजते. सैलसर वळी करून, दोन ठिकाणी सुती धाग्याने बांधून, आंघोळीला घेतो त्याहून जास्त कढत पाण्यात ती पाणी निवेपर्यंत ठेवावी, मग न पिळता, न ताणता वाळवावी. पावसाळ्यात ठाण्यासारख्या हवेत तिला वाळायला पंख्याखालीही दोन दिवस लागतात. वरून कोरडी वाटणारी दोरी आतून ओलसर असते आणि ओली दोरी विणली तर गाठी वाळल्यावर बसतात आणि सैल होतात. लाल, मरून आणि गडद निळ्या दोऱ्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवाव्यात, कारण त्यांचा रंग सुटला तर शेजारची पांढरी दोरी गुलाबी होते. पॉलिएस्टरच्या दोरीला हा सोपस्कार थोडक्यात आटोपला तरी चालतो. सुती दोरीची गोष्ट निराळी आहे. ती भिजली की आखडते, वापरात ओढली गेली की सैल पडते, आणि दमट कपाटात तिला बुरशीचा वास लागतो, त्यामुळे सुती ब्रेसलेट मी दिवाळीनंतरच करायला घेते.

आखडण्याच्या सगळ्याच तक्रारी पाण्यामुळे येत नाहीत. काही मापातून येतात, आणि इथे जरा हिशेब करावा लागतो. मनगट 16.5 सेंटीमीटर भरले म्हणून 16.5 सेंटीमीटरचे ब्रेसलेट केले, तर ते बसतच नाही, याचे कारण असे, की ब्रेसलेटची लांबी आपण त्याच्या जाडीच्या मध्यावर, गाभ्याच्या दोऱ्यांवर मोजतो, आणि मनगटाला मात्र त्याची आतली बाजू लागते. वर्तुळाचा व्यास दोन्ही बाजूंनी अर्ध्या-अर्ध्या जाडीने, म्हणजे पूर्ण एका जाडीने कमी झाला, की परीघ त्याच्या 3.14 पट कमी होतो. साध्या चपट्या विणीची जाडी साधारण आठ मिलिमीटर धरली, तर 25 मिलिमीटर, म्हणजे जवळपास एक इंच जातो. मनगटाच्या मापात एक इंच मिळवावा, असा जो नियम कारागीर एकमेकांना सांगतात, त्याच्या मुळाशी हे गणित आहे. त्याच विणीवर दुसरा थर चढवला तर जाडी 12 ते 13 मिलिमीटरवर जाते आणि मिळवायची लांबी चार सेंटीमीटरच्या घरात पोहोचते. दुहेरी ब्रेसलेटला जुनाच इंच लावणाऱ्यांचे काम याच ठिकाणी फसते. मनगटाभोवती बोटभर मोकळीक हवी असेल, तर त्यावर आणखी अर्धा ते एक सेंटीमीटर धरावा, आणि बकल लावलेल्या अवस्थेतच एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मोजावे, कारण बकलचे आत जाणारे दात लांबीत मोजायचे नसतात.

मापाची दुसरी फसवणूक पाटावर होते. मी जुन्या पाटावर दोन खिळे ठोकून त्यांत बकलचे दोन भाग अडकवते, बरेच जण फळी किंवा खुर्चीचा पाय वापरतात. गाभ्याच्या दोऱ्या त्यावर तारेसारख्या ताणून बांधल्या, तर नायलॉन लवचिक असल्यामुळे पाटावरचे माप बरोबर दिसते आणि काढल्याबरोबर ब्रेसलेट अर्ध्या सेंटीमीटरने आत येते. गाभा सरळ राहील इतकाच ताण द्यावा. बोटाने छेडला तर तो तंबोऱ्यासारखा वाजता कामा नये. विणीला लागणारी दोरी मोजताना एका सेंटीमीटर विणीला सुमारे 12 सेंटीमीटर धरावी आणि गाभ्याची लांबी त्यात वेगळी मिळवावी. ज्यांच्या हाताची ओढ जबर आहे त्यांना याहून जास्त लागते, आणि शेवटच्या तीन गाठींना दोरी अपुरी पडणे हे दुःख काय असते ते सांगण्याची गरज नाही.

ब्रेसलेट सपाट राहण्याऐवजी स्वतःभोवती पिळत जाते, ही तक्रार नवशिक्यांची असते आणि तिचे कारण एकच आहे: प्रत्येक अर्धी गाठ, म्हणजे गाभ्याभोवती दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांचा एकेक फेरा, एकाच बाजूने सुरू झालेली असते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि या विणीत तर पहिल्या सेंटीमीटरपासून चुकलेला पीळ ओले करून, इस्त्री दाबून किंवा पुस्तकांखाली ठेवून खरोखरच जात नाही. चुकीपर्यंत उसवावेच लागते. डावीकडून आणि उजवीकडून आळीपाळीने सुरुवात करायची, हे सर्वांना माहीत असते, पण मध्येच दाराची घंटा वाजली की कोणती बाजू झाली ते विसरते. दोन रंग असतील तर लक्षात ठेवायची खूण अशी, की जो रंग गाभ्याच्या समोरून जातो, तोच दर वेळी समोरून गेला पाहिजे. एकाच रंगाची दोरी असेल, तर शेवटच्या अर्ध्या गाठीच्या ज्या कडेला समोरून उभा वेढा दिसतो, त्या कडेची दोरी पुढच्या वेळी समोरून न्यावी. माझ्या आईच्या पिढीने मॅक्रमेचे, म्हणजे दोरीच्या गाठींच्या विणीचे, कुंडी अडकवायचे झोके केले, त्यांत हाच पीळ मुद्दाम घातलेला असे आणि तो सुंदरही दिसे. मनगटावर मात्र तो रुततो.

चार दोऱ्यांच्या किचेनमध्ये याचेच भावंड भेटते. चारी दोऱ्या एकमेकींवरून गोल फिरवून जी गाठ पडते, ती दर वेळी एकाच दिशेने घातली तर किचेन गोल आणि पिळदार होते, आणि एकदा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, एकदा उलट अशी घातली तर चौकोनी होते. अर्धे किचेन चौकोनी आणि अर्धे गोल झाले असेल, तर मध्ये कुठेतरी दिशा पालटायची राहून गेली, एवढाच त्याचा अर्थ.

किचेनच्या बाबतीत दोरीपेक्षा कडी आधी दगा देते. स्कूटरच्या किल्ल्यांना लावलेले किचेन भर पावसात डोलत असते, आणि वरून चमकणारी कडी आतून लोखंडी असली की जुलै संपायच्या आत गंजून दोरीवर तपकिरी डाग पाडते. तो डाग धुऊन जात नाही. चुंबकाला खटकन चिकटणारी कडी बहुतेक वेळा मुलामा दिलेली लोखंडी असते. जिच्यावर चुंबक धरत नाही किंवा जेमतेम धरतो, ती स्टेनलेस स्टीलची किंवा पितळेची घ्यावी, चार रुपये जास्त गेले तरी. जिथे दोरी कडीतून फिरते तिथे कडीची कापलेली कड लागत नाही ना, हे बोट फिरवून पाहावे, कारण त्या धारेवर आवरण महिनाभरात झिजते. झिजलेली जागा पांढऱ्या लवेसारखी दिसू लागली, की किचेन उतरवून दोरी बदलावी. किल्ल्या रिक्षात पडल्यावर शोधत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

आधीच आखडलेले ब्रेसलेट हाताशी असेल, तर ते टाकून देण्यापूर्वी एक प्रयोग करून पाहावा. ते कोमट पाण्यात पूर्ण भिजवावे, मनगटापेक्षा किंचित जाड असलेल्या काचेच्या बाटलीवर बकल लावून चढवावे आणि बाटलीवरच दोन दिवस वाळू द्यावे. यातून चार-पाच मिलिमीटर परत मिळतात, कधी तेवढेही मिळत नाहीत. त्याहून जास्त हवे असतील, तर बकलच्या जागी दोरीचाच फास आणि दुसऱ्या टोकाला गाठीची गुंडी करावी, त्यासाठी शेवटचे चार वेढे उसवून टोके मोकळी करावी लागतात, आणि टोके ओवून घेतलेली असतील तर ती दाभणाने सोडवायला अर्धा तास जातो. मी तरी तो अर्धा तास देते, कारण नव्या ब्रेसलेटला सव्वा दोन मीटरची विणीची दोरी, गाभ्याची वेगळी दोरी, दोन दिवसांचे वाळवण आणि एक संध्याकाळ लागते.